कमरेचं माप

टेप कमरेभोवती आणून एल्द्रीदनं दोन टोकं जुळली तिथं अंगठा दाबून धरला, आणि आकडा वाचायच्या आधी खिडकीबाहेर बघितलं. कोठीच्या छपरावरचा बर्फ दुपारच्या उन्हानं कडेकडेनं गळायला लागला होता. मार्च उजाडला होता.

"किती?" इल्वानं विचारलं. पाय फाकवून, हात अंगापासून लांब धरून ती उभी होती. स्पर्धेत मापं घेणारे उभं करतात, अगदी तशी.

"थांब जरा. श्वास सोड."

"सोडलाय, आई."

सोडलाच होता. एल्द्रीदनं अंगठा उचलला.

"अठ्ठावन्न."

"जानेवारीत एकसष्ट होतं ना? म्हणजे पुन्हा आत घ्यावं लागणार." पहिला दुधाचा दात पडल्यावर तो तळहातावर घेऊन ती घरभर नाचली होती, तेव्हाचाच आवाज होता तो. "मांडीही बघ. मांडीपण गेली असेल."

मांडीही गेली होती. एल्द्रीद गुडघ्यांवर बसून एकेक माप घेत राहिली आणि वहीत लिहीत राहिली. वीस वर्षांच्या मुलीच्या हातांवर हल्ली बारीक पांढरी लव आली होती, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. ती लव टेपच्या कडेला लागून हलायची. ते बघायचं नाही म्हणून एल्द्रीद आकड्यांकडे बघायची, आणि आकडे बघवेनात म्हणून पुन्हा लवेकडे.

इल्वाचा खेळ असा, की सकाळी टेकडीवरून स्की लावून हवेत उडी घ्यायची आणि दुपारी त्याच अंगानं बर्फावरून पाच किलोमीटर धाव मारायची. जो लांब उडेल तो आधी सुटणार आणि बाकीचे त्याच्या पाठी लागणार. उडीला अंग पाखरासारखं हवं, धावेला घोड्यासारखं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इल्वा खरोखरच उपाशी होती. डिसेंबरात लिलेहामरच्या स्पर्धेत ती अकरावी आली. मग न्याहारीतला एक पाव गेला, मग दुसरा, आणि चीजची चकती एवढी पातळ झाली की तिच्यातून खिडकी दिसावी. उड्या लांबत गेल्या. जानेवारीत एकदा तिसरी आली, तेव्हा अख्ख्या दरीनं झेंडे लावले. त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच: उडीत पहिली-दुसरी, आणि धावेच्या शेवटच्या चढावर एकेक जणी तिला मागे टाकून जायची. घरी टीव्हीवर एल्द्रीदला मुलीचे गुडघे दिसायचे. चढावर ते एकमेकांना शोधायचे.

आता ओस्लोची एकच स्पर्धा उरली होती. पहिल्या सहांत आली तर पुढच्या वर्षी देशाच्या संघात. संघातल्या मुली मे महिन्यात ट्रॉन्डहाइमला राहायला जाणार, तिथंच जेवणार, तिथंच झोपणार. आणि तिथंच त्यांची रोज सकाळी वजनं होणार.

"पोशाख उद्या संध्याकाळपर्यंत होईल ना?" इल्वानं स्वेटर डोक्यातून घालत विचारलं. "परवा सकाळी गाडी निघते."

"होईल."

"तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," ती म्हणाली, आणि आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवून क्षणभर उभी राहिली. हनुवटीचं हाड टोचलं.

*

एल्द्रीदचा मूळ धंदा बूनादांचा, म्हणजे सणासुदीच्या पारंपरिक पोशाखांचा. चर्चमधल्या कन्फर्मेशनला, म्हणजे पंधराव्या वर्षी, दरीतल्या प्रत्येक मुलीला आपल्या भागाचा भरतकामाचा बूनाद शिवायचा आणि तो तिनं जन्मभर घालायचा, लग्नाकार्यात, सतरा मेच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत, नातवाच्या बाप्तिस्म्यात. त्यामुळं आत हातभर जादा कापडाची माया सोडावी लागते. मुलगी भरेल, बाळंत होईल, पन्नाशीत सुटेल, त्या सगळ्याची सोय शिवणीत आधीच करून ठेवायची. एल्द्रीदच्या आईनं तिला हे शिकवलं होतं.

उडीच्या पोशाखाचं सगळं उलटं. ते जाड, स्पंजासारखं कापड. आत काही सोडायचं नाही. पोशाख अंगापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त सैल निघाला तर खेळाडू बाद, कारण सैल कापडात वारा भरतो आणि वारा उडी लांबवतो. उडी झाली की खाली मापं घेणारी बाई टेप घेऊन उभीच असते. आणि या कापडात सुई एकदा गेली की भोक बुजत नाही. तेवीस वर्षं एल्द्रीद दरीतल्या स्की-क्लबचे पोशाख शिवत होती, आणि एकदाही तिचा पोशाख बाद झाला नव्हता.

दरीतल्या कुठल्या मुलीचं काय चाललंय ते तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. मारेनचं कळलं होतं. एका हिवाळ्यात मारेनचा पोशाख तिनं पाच वेळा आत घेतला, आणि पाचही वेळा म्हणाली, "वा, छान बसतोय." जूनमध्ये मारेन डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करताना पडली. हृदय थांबलं होतं. एकोणीस वर्षांची होती. दोन दिवसांनी तिची आई बूनाद घेऊन आली. शवपेटीत तिला त्यातच ठेवायचं होतं, पण तो फार मोठा होत होता. एल्द्रीदनं तोही आत घेतला. पंधराव्या वर्षी सोडलेली ती सगळी माया, आणि वर आणखी चार बोटं.

न्हाणीघरातल्या कपाटात इल्वासाठी सप्टेंबरमध्ये आणलेलं पॅडचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

बोलून झालं होतं. रागावून झालं, रडून झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. नवरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरून फोनवर म्हणाला, "हंगाम संपू दे, मग बघू." एल्द्रीदला हंगाम नको होता. तिला एक उन्हाळा हवा होता. मुलगी घरात, समोर ताट, आणि मोजणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पोशाख यंत्राखाली घेतला. बाह्या आत घेतल्या, मांड्या आत घेतल्या. कमरेशी आल्यावर ती थांबली. पलीकडच्या खोलीत इल्वा जमिनीवर पाठ टेकून व्यायाम करत होती, मोजण्याचा आवाज येत होता, "सत्तावीस, अठ्ठावीस..."

एल्द्रीदनं कमरेची जुनी शिवण सुईखाली धरली आणि त्याच टाक्यांवरून, त्याच भोकांतून, यंत्र पुन्हा एकदा सावकाश फिरवलं. आवाज तोच आला.

"झालं?" इल्वानं ओरडून विचारलं.

"झालं."

"घालून बघू?"

"ओस्लोत बघ. इथं घालून उगीच ताणू नकोस."

*

सकाळी आस्गैर गाडी घेऊन आला. इल्वाचा प्रशिक्षक, शाळेत एल्द्रीदच्याच वर्गात होता आणि तेव्हाही सगळ्यांना रांगेत उभं करायचा. इल्वा स्की आणायला कोठीत गेली, तेवढ्यात एल्द्रीद गाडीजवळ गेली.

"ती जेवत नाहीये, आस्गैर."

"मार्चमध्ये कोण जेवतं? मेमध्ये सगळ्या जेवतात. मग तुम्ही आयाच फोन करता, पोरगी फ्रिज रिकामा करतेय म्हणून."

"मारेनही मेमध्ये जेवणार होती."

त्यानं बुटानं टायरवरचा बर्फ झाडला. एक टायर झाडून झाल्यावर दुसरा झाडला.

"मारेनला हृदयाचा दोष होता. जन्मापासूनचा. कागद आहे तसा."

"कागद मी वाचलाय. पोशाखही मीच शिवलाय."

"मग पोशाखच शिव ना, बाई," तो म्हणाला. आवाज चढला नाही; थकलेला होता. "उडवायचं मी बघतो. एवढ्या जवळ आलीये ती. तू तिची आई असून..." कोठीचं दार वाजलं.

इल्वानं पोशाखाची पिशवी मांडीवर घेतली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिचा हात काचेमागं हलत होता.

*

स्पर्धेच्या दिवशी एल्द्रीद पहाटेच्या रेल्वेनं ओस्लोला गेली. टेकडीवर धुकं होतं आणि वाफल भाजल्याचा वास. झेंडे, लोकरी टोप्या, बापांच्या खांद्यांवरची पोरं. ती कुंपणाला लागून उभी राहिली. पिशवीत डबा होता. तो कशाला घेतला, हे तिला सांगता आलं नसतं.

इल्वाचं नाव पुकारलं. वर धुक्यात आडव्या फळीवर एक ठिपका बसला होता. मनोऱ्यावर आस्गैरनं झेंडा खाली केला, ठिपका सुटला, उताराच्या टोकावरून हवेत फेकला गेला आणि मग पडेचना. लोकांनी आरोळी ठोकायला सुरुवात केली होती आणि ती अजून हवेतच होती. कमरेशी कापड फडफडत होतं. ते इतरांना दिसलं नसेल.

एकशे एकतीस मीटर. दिवसाची सर्वांत लांब उडी. शेजारचा म्हातारा एल्द्रीदच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघितलंत? पिसासारखी पोरगी!"

इल्वा थांबली, स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि मापं घेणाऱ्या बाईच्या खोलीत गेली. दार बंद झालं. एल्द्रीदनं कुंपणाची दोरी धरली होती. ती तिच्या मुठीत गोठल्यासारखी झाली. मोठ्या फलकावर इल्वाचं नाव सर्वांत वर होतं. तीन-चार मिनिटं होतं. मग ते गेलं, आणि खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली.

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बाद झाली," एल्द्रीद म्हणाली.

कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर आस्गैर भेटला. तोंड पांढरं पडलं होतं.

"दोन सेंटिमीटर जास्त! कमरेत! तेवीस वर्षांत कधी नाही, आणि आज? तू मापाला चुकलीस? तू?"

"चुकले."

"चुकले म्हणे! संघाचं गेलं तिचं. कळतंय ना तुला, गेलं!"

दार आतून उघडलं. इल्वा अंगाभोवती घोंगडी घेऊन उभी होती. ओठ निळे होते.

"तिला नको बोलूस," ती म्हणाली. "माझी चूक आहे. घालून बघायला हवा होता, मी बघितलाच नाही. तशीच चढले."

आस्गैरनं दोघींकडे बघितलं. मग हातातला झेंडा काठीला गुंडाळत तो उतारानं खाली गेला.

खोलीत एक बाक, एक हीटर आणि ओल्या लोकरीचा वास होता. इल्वा हीटरकडे पाठ करून बसली. एल्द्रीदला वाटलं, आता ती विचारेल. काय सांगायचं ते रेल्वेत ठरवलं होतं.

"पोशाख घेऊन जा," इल्वा म्हणाली. "मला नको समोर."

पोशाख बाकाखाली पडला होता. एल्द्रीदनं तो उचलला आणि सवयीनं, घडी घालण्याआधी, उलटा केला. कमरेची शिवण तिचीच होती, दुहेरी, सरळ. पण तिच्या आत जेमतेम अर्ध्या बोटावर, डाव्या कुशीला आणि उजव्या कुशीलाही, भोकांची आणखी एक ओळ होती. भोकं ताजी होती. हाताच्या टाक्यांची होती. दोन जवळ, तिसरा लांब, पुन्हा दोन जवळ. बाहुलीचा झगा शिवायला बसली तेव्हापासून इल्वाचा तिसरा टाका लांब पडायचा आणि कितीदा सांगून सुटला नव्हता. एका भोकात पांढऱ्या दोऱ्याचं टोक राहिलं होतं, हॉटेलात सुईदोऱ्याची पुडी ठेवतात त्यातल्या दोऱ्याचं. कंबर मापात आत घेतली होती, अगदी बरोबर. आणि मग टाका न् टाका उसवला होता.

एल्द्रीदनं वर बघितलं नाही. तिनं ते दोऱ्याचं टोक नखानं ओढून काढलं आणि तर्जनीभोवती गुंडाळलं.

बाहेर धावेची वेळ झाली होती. ध्वनिक्षेपकावर कुणीतरी उलटे आकडे मोजत होतं. शून्यावर लोक ओरडले. इल्वाच्या जागी दुसरीच कुणी पहिली सुटली होती.

"पिशवीत काय आहे?" इल्वानं विचारलं.

"पाव. तपकिरी चीज."

इल्वा हीटरकडे वळून बसली. मग तिनं घोंगडीतून हात बाहेर काढला. एल्द्रीदनं डबा उघडून त्या हातावर एक तुकडा ठेवला, आणि खालून आपलाही हात धरला.