विकाऊ चित्रातले अश्रू

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवर एक जुनं तैलचित्र टांगलेलं : काळोखातून उजळलेली एक ख्रिस्ती संत स्त्री, मान वर, डोळे आभाळाकडे. चित्रावरचा दिवा लागला होता आणि तिच्या डोळ्यांतून खरोखरचे थेंब ओघळत होते. कुणी हुंदके देत होतं, कुणी मोबाइल उंचावून शूटिंग करत होतं. माझी ताई सगळ्यांच्या पुढे, लेकीला छातीशी घट्ट धरून.

जुनी चित्रं विकणाऱ्या त्या दुकानदाराला आम्ही ‘मखमल’ म्हणायचो. कोटही मखमली, आवाजही.

“तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र! थोर चित्रकाराच्या चित्रशाळेतलं!” तो सांगत होता. “दुखणाईत लेकरू समोर आलं की हिला राहवत नाही.”

चित्रशाळेतलं म्हणजे गुरूनं फार तर चेहऱ्यावर हात फिरवलेला, बाकी सगळं शिष्यांनी रंगवलेलं, आणि गिऱ्हाइकं असतील तितक्या वेळा तीच संत. हे मी नुसतं पुटपुटले, तर शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्या संत स्त्रीला रडवलं होतं.

“मी हे विकत नाही, याच्यासाठी घर शोधतोय,” मखमल म्हणाला. चौकटीखाली किमतीची चिठ्ठी मात्र होती. “अट एकच. औषध आणि कृपा एका घरात नांदत नाहीत.”

ही अट त्याच्याकडून आधीच ऐकून ताईनं भाचीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. भाचीला लहानपणापासून फिट येते. गोळ्यांनी ती आटोक्यात होती. गोळ्या थांबल्यावर आठवडाभरात दोनदा फिट आली. मखमल म्हणाला, “रोग बाहेर पडतोय, ताई. घाबरू नका.”

मी शाळेत विज्ञान शिकवते. ताईला परोपरीनं समजावलं. ती उसळली.

“तुझं पुस्तकी ज्ञान तुझ्यापाशी ठेव! गोळ्या खाऊन पोर वर्गात पेंगते. त्या चित्रातल्या बाईला तरी माझ्या पोरीसाठी रडू आलं. तुला आलं का कधी?”

ताई आपलं शिवणाचं दुकान विकून ते चित्र घरी आणायला निघाली होती, आणि मला मात्र सारखी पुढच्या फिटची धास्ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या शिवणाच्या दुकानात शेवटचे कपडे बेतत होती. भाचीनं खिशातून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला. मखमलनं त्या तुकड्यानं संत स्त्रीचे अश्रू टिपून तो तिला दिला होता.

“आई, हा डाग जात नाही.”

“अश्रूंचा आहे तो. राहू दे.”

“मी पाण्यात धुतला तरी आहे. मी रडते तेव्हा उशीवर असा डाग राहत नाही.”

ताईनं तुकडा खिडकीपाशी नेला, चिमटीत चोळला. मग तिनं तुकडा बेतायच्या दोन कागदांमध्ये ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. कापडावर तेल सांडलं की ती नेहमी असंच करते. कागद उचलला, तर त्यावर आरपार उजेड दिसणारा धब्बा उमटला होता.

“हे पाणी नाही,” ती म्हणाली. “चरबी आहे ही.”

‘सांगत नव्हते मी?’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

मखमलच्या दुकानात गर्दी तशीच होती. ताई तडक भिंतीशी गेली आणि तिनं चित्र उतरवलं.

“अहो, हात लावू नका! मागून हवा लागली तर रंग उडेल!”

तीनशे वर्षांच्या चित्राच्या पाठीवर कोरा करकरीत कागद डकवला होता. ताईनं तो टराटरा फाडला. आत एक छोटा बल्ब, लांब वायरनं वरच्या दिव्याच्याच बटणाला जोडलेला. त्याला लागून चरबीनं माखलेला कापूस, आणि दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत टाचणीची भोकं. दिवा लागला की बल्ब तापतो, चरबी वितळते आणि भोकांतून गालावर येते. मी सगळ्यांदेखत दिवा बंद केला. हळूहळू थेंब थांबले आणि गालावर पांढरे थिजले.

“मला काय ठाऊक? मी हे असंच घेतलं होतं!” मखमल ओरडला. आवाज पार खरखरीत झाला होता.

“चित्र खोटं असेल,” एक आजोबा म्हणाले, “पण लोकांची श्रद्धा तर खरी आहे ना?”

“आजोबा, माझ्या पोरीची गोळीही खरी होती,” ताई म्हणाली. “ती मी थांबवली.”

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पेंग येते हे आम्ही डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. ऐकल्यावर त्यांनी औषध बदलून दिलं. पण ते लागू पडायला वेळ लागतो. मधल्या दिवसांत आणखी एक फिट आली, भाची पलंगाच्या कडेवर आपटली आणि भुवईला टाके पडले. ताई उशाशी बसून रडत राहिली. या वेळी मलाही रडू आवरलं नाही.

श्रद्धा ठेवायची तर खुशाल ठेवा. पण लेकराचं औषध थांबवा असं कुणी सांगितलं, तर त्याला तोंडावर विचारा : पोराला काही झालं तर जबाबदार कोण? आणि तो उत्तर शोधत असेल तेवढ्यात, लेकराला त्याची गोळी द्या.