डॉलरला दोन, त्यांतलं वाचण्याजोगं एक

शेवटचे पान

"याच्यात मासा नाही," नोएलीन म्हणाली आणि तिने पुस्तक टेबलावर परत ठेवले.

"मासे बंदरावर मिळतात," काउंटरमागून व्हाल्डा म्हणाली. "इथं जुने कपडे, कपबशा आणि लफडी. लफडी डॉलरला दोन."

"बघू दे गं जरा."

"तिसरा गुरुवार हा. मागनं उघडतेस, बंद करतेस, ठेवतेस. लोक पुस्तक पुढनं उघडतात, नोएलीन."

"लोकांना वेळ असतो."

चर्चच्या दुकानातल्या प्रेमकथांच्या त्या टेबलावर सगळ्या मुखपृष्ठांवर एकच बाई असावी असे वाटे. खांद्यावरून ओघळलेला झगा, मागे किल्ला, नाहीतर घोडा. नोएलीन मुखपृष्ठे पाहतच नसे. पोर्ट पिरी गावात ही पुस्तके घराघरांतून फिरत. वाचून झाली की बायका ती दुकानात परत देत, दुकान पुन्हा विकत असे. वाचलेलेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकीची एक खूण असे. कुणाची शेवटच्या पानावर आद्याक्षरे, कुणाची फुली. नोएलीनची आई मर्ल चौतिसाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल काढी.

मासा कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हते. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एका रेषेत काढलेला, नखाएवढा. तो प्रत्येक पुस्तकात नसे. वाचण्याजोग्या पुस्तकातच असे. "बाई शहाणी आहे," मर्ल म्हणायची. "रडवते, पण फसवत नाही."

म्हणजे शोधायचे ते असे: मासा हवा, गोल नको. आणि आता अक्षर मोठे हवे.

पाठ

नोएलीनने स्वतः यांतले एकही पुस्तक वाचले नव्हते. पण अकरा वर्षे आईसाठी चाळून चाळून तिला पुस्तकाच्या पाठीवरून कळू लागले होते. सुरुवातीलाच एक चीर आणि पुढे सगळे करकरीत: कुणीतरी कंटाळून सोडले. शेवटापर्यंत सारख्या चिरा: एका बैठकीत संपवले. एखाद्यात मध्येच चहाचा डाग. तिथे काहीतरी घडते.

तिची स्वतःची पाठ हॉस्पिटलच्या धुलाईघरात गेली होती. अठ्ठावीस वर्षे चादरी. दोन वाजता पाळी संपली की ती गाडीत पाच मिनिटे नुसती बसून राही, आणि मग चावी फिरवी.

महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की मर्लचा उजवा डोळा गेला तो गेलाच, डाव्यातही इंजेक्शनांचा आता उपयोग नाही.

"किती पुस्तकं?" मर्लने विचारले.

डॉक्टरांना कळले नाही.

"तुम्ही आठवडे मोजता. मी पुस्तकं मोजते. किती होतील अजून?"

तरुण माणूस होता. त्याने नोएलीनकडे पाहिले, मग पुन्हा मर्लकडे. "एखादं," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरांतलं. लवकर घ्या."

परत येताना मर्ल खिडकीतून खाडीकडे पाहत होती. मग म्हणाली, "भिकार काही उचलून आणू नकोस, नोए. एकच आण. पण चांगलं."

मधली पाने

व्हाल्डा चहा करायला आत गेली तेव्हा मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि क्लॅरी बॅस्टियन बाहेर आला. शिशाच्या भट्टीतून निवृत्त झालेला, ऐंशीच्या पुढचा. दानात आलेल्या किटल्या आणि टोस्टर तपासून त्यांना वापरायला सुरक्षित असल्याची चिठ्ठी लावायचे काम तो फुकटात करी. त्याच्या हातात एक टोस्टरचे खोके होते.

"मासा शोधतेस," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिथं भिंत नाही, पडदा आहे. तीन आठवडे ऐकतोय."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि खोक्यावर एक रेष ओढली. पेन्सिल उचलली तेव्हा तो मासा होता.

नोएलीन त्या रेषेकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "तुमच्या बायकोची खूण?"

"ती जाऊन एकवीस वर्षं झाली. तिची पुस्तकांची पेटी राहिली होती माळ्यावर. टाकायच्या आधी बघावं म्हटलं, ही रात्रंदिवस काय वाचत होती. एक संपलं. मग दुसरं." त्याने आतल्या बाजूला कान दिला. किटली अजून वाजत नव्हती. "व्हाल्डाला बोलू नकोस. क्लबातली पोरं मला बिअर गिळू द्यायची नाहीत."

"त्यातली सगळ्यात लहान पोरं सत्तर वर्षांची आहेत, क्लॅरी."

"तीच जास्त छळतात."

"आईला सांगू?"

"नको. तिच्या मनात कुणीतरी शहाणी बाई असेल. असू दे तिला."

नोएलीनने आईच्या डोळ्याचे सांगितले. एकच पुस्तक, हेही सांगितले. क्लॅरीने खोके खाली ठेवले आणि औषध देणाऱ्या माणसासारखा तो एकेक विचारू लागला.

"मूल मेलेलं चालेल?"

"नको."

"नायक श्रीमंत?"

"असला तर असू दे. पण काहीतरी कामधंदा करणारा हवा. नुसते नाचगाणी करणारे तिला आवडत नाहीत."

"बरोबर आहे तिचं. किल्ला?"

"किल्ले खूप झाले, म्हणते."

"मग एकच आहे. लायब्ररीनं काढून टाकलेलं, मोठ्या अक्षरांतलं. मिठागर चालवणारी एक विधवा, आणि कर वसूल करायला आलेला अधिकारी. दोनशे पानं भांडतात. मग एकदा तो तिचा हात धरतो. बस."

"एवढंच?"

"एवढंच. मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो." त्याने खोके उचलले. "ते दुकानात कधी परत दिलं नाही मी. माझ्याकडं असतं ते. आणून देतो."

"मीच येते घरी. आत्ता."

"आत्ता नाही. बहिणीच्या मुलीनं वाचायला नेलंय, तिकडं व्हायला गावी. येत्या रविवारी आणीन."

"रविवारी?"

"रविवारच्या आधी नाही जमायचं, बाई. गाडी चालवायचं लायसन काढून घेतलंय माझं. ती येईल तेव्हा."

आतून व्हाल्डाने हाक मारली की साखर कुणी संपवली. क्लॅरी पडद्याआड गेला.

पहिले पान

रविवारी तो पुस्तक घेऊन दारापर्यंत आला. आत यायला मात्र तयार होईना. घरी ठेवायच्या पुस्तकावर खूण करायचे कारण नव्हते, म्हणून त्यात मासा नव्हता. त्याने तिथेच, नोएलीनच्या दाराच्या चौकटीवर पुस्तक टेकवून शेवटच्या पानावर तो काढला.

मर्ल खिडकीजवळच्या खुर्चीत होती. अंगावर लोकरीचा शेला, चष्मा नाकावर. नोएलीनने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवले.

"मासा आहे?" मर्लने विचारले.

एरवी ती विचारत नसे, स्वतःच मागचे पान उघडून पाही.

"आहे," नोएलीन म्हणाली.

"कसलं आहे?"

"मिठागर आहे म्हणे. विधवा आहे एक."

"किल्ला?"

"नाही."

"बरं झालं." मर्लने दोन्ही हातांनी पुस्तक चाचपले, वरची बाजू कोणती ते पाहिले आणि उघडले. "तू जा, पाठ टेक जरा. मी वाचते."

नोएलीन गेली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. बुटांचे बंद सोडायला वाकली आणि तशीच राहिली. बाहेर समोरच्या घरातला माणूस पाइपने गुलाबांना पाणी घालत होता. खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक.

"कसं आहे?"

"सुरुवातीलाच बोलू नकोस. आत्ता कुठं ती बाई घराबाहेर आलीय."

नोएलीनने मान वर केली. मर्लचे बोट कागदावर डावीकडून उजवीकडे जात होते, ओळीच्या शेवटाला पोचून खाली उतरत होते, पुन्हा डावीकडून निघत होते. घाई नव्हती. पहिले प्रकरण सुरू होण्याआधी त्या पुस्तकात एक पान कोरे सोडलेले होते. मर्लचे बोट त्या कोऱ्या पानावरून तसेच, ओळीमागून ओळ, अगदी खालपर्यंत गेले. मग तिने ते उलटले.

"वाचण्याजोगं आहे," ती म्हणाली.

"सावकाश वाच, आई," नोएलीन म्हणाली.