चिनी वाडग्यातली निळी बोरं

“ऊब धर रं परळा, पोटातलं बी गारठू देऊ नगंस!”

मित्रांनो, गोजाबाईंचा हा आवाज कित्येक वर्षांपूर्वीचा, पण अजून माझ्या मातीत मुरलेला आहे. काठ फुटलेला, पसरट मातीचा परळ तो मीच.

चाकणच्या कुंभाराने मला घडवले, भाजले आणि बाजारात मांडले. गोजाबाईंनी टिचकी मारून मला पारखले नि पिंपरीला आणले. दरसाल माझ्या पोटात मिरची-वांग्याचे बी पडे. बियांना चुलीतली चाळलेली राख चोळायची, रोपांवरही भुरभुरायची, म्हणजे कीड-मुंगी लागत नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण. पेरताना त्या गात:

‘ये रे ये रे बीजा, तुला मातीचं अंथरूण
वाऱ्याबाई, हळू जा गं, माझं तान्हं गं अजून’

गाव म्हणे, गोजाबाईंचा हात गुणाचा. त्या गुणात थोडा वाटा माझाही, असे मी मनोमन धरून चाललो होतो.

मग पिंपरीत औषधांचा कारखाना आला. गोजाबाईंचे शेत त्यात गेले. अंगणापुरती माती उरली. त्यांची धाकटी जाऊ रुक्मिणीबाई कारखान्याच्या वसाहतीत एका परदेशी मडमेकडे भांडी घासू लागली. एका हिवाळ्यात ती पांढराशुभ्र चिनी वाडगा आणि एक पुडी घेऊन आली.

“जाऊबाई, ह्ये ब्लूबेरीचं बी. निळी बोरं म्हना. नुसतं वर पसरायचं, मातीआड करायचं न्हाई. गारव्याला ठेवायचं. रोपं जगली तर बागेतलं रोपांचं काम तुमाला देनार हाय मडम.”

“अगं, ह्ये बी हाय का तपकीर? शिंकले तर हिंजवडीला जाऊन पडंल!” गोजाबाई हसल्या. पण पुन्हा वाफे, पुन्हा माती, या आशेने त्यांचे डोळे चमकले.

वाडग्याला माठाखालची गार जागा मिळाली. मी आपला उन्हात. त्याच्यावर बोटांनी पाणी शिंपडायचे, माझ्यावर तांब्या उपडा करायचा. माझी ओवीसुद्धा त्याला! जीव जळायचा नुसता. बरेच दिवस वाडगा ढिम्म होता, तेव्हा मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत. मग एका सकाळी त्यात हिरवी टिकली दिसली, शेजारी दुसरी. माझ्या पोटात वांग्याची रोपे नव्हे, निखारे पेटले.

गोजाबाईंनी मायेने त्या इवल्या रोपांवर राख भुरभुरली. पाने पिवळी पडली. त्यांनी अजून राख घातली. एकेक रोप मान टाकत गेले.

वाडगा हरला, मला आनंद व्हायला हवा होता ना, मित्रांनो? पण गोजाबाईंनी मलाही रिकामे केले आणि कोपऱ्यात पालथे घातले.

“माझ्या हाताचा गुण सरला,” एवढेच म्हणाल्या.

मिरचीच्या पेरणीचे दिवस आले. रोपे मागायला आलेल्या बायका तशाच परतल्या. कोंबड्या माझ्या पाठीवर बसू लागल्या. मित्रांनो, भांडे रिकामे झाले म्हणून टाकू नका. आणि ज्याचे हात थांबले, त्या माणसाला तर मुळीच एकटे सोडू नका.

एके दिवशी रुक्मिणीबाईने मला उलथून सरळ केले, पदराने पुसले आणि गोजाबाईंपुढे ठेवले.

“बी काढा, जाऊबाई.”

“कशाला? माझ्या हातानं जगतंय व्हय काही?”

रुक्मिणीबाई खाली बसली.

“तुमच्या हाताचा दोष न्हाई. त्या रोपांना आंबट माती लागती, राखंनं मरत्यात, जाऊबाईला सांग, असं मडम म्हनली व्हती. घरात तुमी थोरल्या, मडमच्या बागेतबी तुमीच थोरल्या हुनार... म्हून मी सांगितलंच न्हाई.”