बिजौरा फाट्यावरची मोजणी

रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी शशिकांत नेवे यांच्या अंगातली रेल्वे काही उतरली नव्हती. दूधवाला उशिरा आला, तर तो किती मिनिटं लेट आहे हे ते त्याला दारातच ऐकवत. तरुणपणी भुसावळहून झाशीला बदली होऊन आले आणि इथेच रुजले. बायको बकुळ मूळची इथलीच, खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातली. निवृत्तीनंतर दोघांनी शहराबाहेर, हायवेच्या कडेला बिजौरा फाट्यावर लहानसं घर बांधलं. बिजौरा गाव हायवेच्या पलीकडे. तिथल्या अंगणवाडीत बकुळ बावीस वर्षं काम करत होती. आता घर जवळ आलं, म्हणून ती पायीच जायची.

हायवे दोन लेनचा आणि त्यावर खडीचे डंपर चोवीस तास. दोन वर्षांत फाट्यावर पाच माणसं गेली होती. त्यामुळे रस्ता चार लेनचा होणार म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. शशिकांतरावांना तर फारच. रुंद रस्ता, मधे दुभाजक, समोरासमोरची टक्कर बंद. रस्ता असाच असावा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

मग नकाशा आला. दुभाजक सलग होता, फाट्यावर फट नाही. वळायचं असेल तर पावणेदोन किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न. गावाने अंडरपास मागितला. कामावरचे इंजिनिअर अशोकजी तसे सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "बाबूजी, जज्बात से अंडरपास नहीं बनता. कितना ट्रैफिक क्रॉस करता है, आंकड़े लाइए."

आकडे! शशिकांतरावांची कळी खुलली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रेल्वे फाटकांवरच्या गाड्या मोजल्या होत्या. कुठल्या फाटकावर पूल बांधायचा आणि कुठलं तसंच ठेवायचं, हे त्या मोजणीवर ठरायचं. गावातल्या चार जणांनी "बाबूजी ही कर सकते हैं" म्हणून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तेही आनंदाने चढले.

सात दिवस ते कडुलिंबाखाली स्टूल टाकून बसले. सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. जेवणाचा डबा तिथेच. रजिस्टरला पट्टीने आखलेले रकाने होते: ट्रक, ट्रॅक्टर, मोटार, दुचाकी, सायकल, ई-रिक्षा, बैलगाडी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. डोळ्यांत तेल घालून त्यांनी एकूण एक वाहन टिपलं. लोक येता-जाता रामराम करत. बकुळ रोज सकाळी नऊला पलीकडे जायची आणि दुपारी दीडला परतायची. ते हात वर करायचे, तीही करायची. एकदा तर तिने स्वतः चहाचा थर्मास आणून दिला आणि म्हणाली, "ऊन लागेल, टोपी घाला." त्यांनी टोपी घातली आणि पुढचा ट्रॅक्टर लिहिला.

रजिस्टर पाहून अशोकजी खूश झाले. "ऐसा काम तो हमारे यहां कोई नहीं करता," म्हणाले. शशिकांतराव घरी येऊन हे वाक्य तीनदा बोलून दाखवते झाले. तिसऱ्या वेळी बकुळने फक्त पोळी लाटली.

आठवडाभराने अंगणवाडीतली मदतनीस मधु दुपारी बकुळबरोबरच घरी आली. ती दारात उभी राहिली, पण आत येईना. तिने प्रधानांच्या, म्हणजे सरपंचांच्या, घरी नवा नकाशा पाहिला होता.

"चाची, अंडरपास तौ कट गओ," ती म्हणाली. "बाबूजी के रजिस्टर सेई कट गओ."

रोज सरासरी दोनशे चौदा वाहनं रस्ता ओलांडतात. एवढ्यांना यू-टर्न पुरेसा आहे. वाहनाला पावणेदोन किलोमीटर जाऊन-येऊन म्हणजे चार मिनिटं. कागदावर एवढंच लिहिलं होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मधु गेली. शशिकांतराव तणतणायला लागले. "माझ्या आकड्यात चूक नाही! एक सायकलसुद्धा सोडलेली नाही."

"रजिस्टर द्या बरं इकडे," बकुळ म्हणाली.

घरी ठेवलेली प्रत घेऊन ती खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि एकेक पान उलटत गेली. सातही दिवस पाहिले. मग म्हणाली, "अहो, यात मी कुठे आहे?"

"तू?"

"मी. रविवार सोडून सहा दिवस, बारा वेळा तुमच्यासमोरून गेले. तुम्ही हात केलात. माझं बोट धरून चार-चार पोरं होती. रेशनला येणाऱ्या बिजौऱ्याच्या बायका होत्या, डोक्यावर पिशव्या घेतलेल्या. कोणीच नाही यात. बैल आहे हो, पण मी नाही."

"पायी चालणारा धरत नाहीत," शशिकांतराव सवयीने म्हणाले. "फाटकाच्या मोजणीत तसंच असतं. गाडी धरायची, बैलगाडी धरायची, माणूस नाही."

"का?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कोणाला विचारला नव्हता. ते थोडे चाचरले. "म्हणजे... पायी माणूस फाटक बंद असलं तरी जातोच. दांड्याखालून वाकून."

"मग इथे चार लेनच्या खालून कुठून वाकायचं?"

पाच माणसं गेली म्हणून जो रस्ता रुंद होत होता, त्या पाचांपैकी तीन पायी होती, हे त्यांना तेव्हा कुठे आठवलं. आपल्याच हातांनी बायकोच्या पायावर धोंडा पाडला होता आणि वर शाबासकी घेऊन आलो होतो, याची त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते अशोकजींच्या साइट ऑफिसात गेले. तिथे पत्र्याची खोली आणि कूलर. ते उभ्यानेच म्हणाले, "गलती मेरी है. मैंने आदमी गिने ही नहीं."

अशोकजींनी कपाळाला हात लावला. "बाबूजी, शुक्रवार को ड्रॉइंग ऊपर जाएगी. गुरुवार तक पैदल का आंकड़ा दे दीजिए, प्रधानजी के दस्तखत के साथ. मैं लगा दूंगा. आगे ऊपरवाले देखेंगे."

हातात तीन दिवस होते. सोमवारी सकाळी स्टूल आणि नवी वही घेऊन शशिकांतराव निघाले, तर बकुळ अंगणवाडीची पिशवी घेऊन दारात उभी.

"आज इकडे नाही बसायचं," ती म्हणाली. "पलीकडे बसा. चला माझ्याबरोबर, पायी."

"मी स्कूटरने येतो की."

"तेच म्हणते मी. चार वर्षांत तुम्ही हा रस्ता कधी पायी ओलांडलाय?"

कधीच नाही. ते खरंच होतं.

दोघं कडेला उभी राहिली. डंपर गेला, मागून दुसरा. मग बस. बकुळ उजवीकडे-डावीकडे बघत नव्हती, आवाज ऐकत होती. "थांबा," म्हणायची आणि पुन्हा "थांबा." एकदा शशिकांतराव दोन पावलं पुढे गेले, तशी तिने दंडाला धरून मागे ओढलं आणि समोरून एक गाडी हॉर्न न वाजवता निघून गेली. अखेर ती म्हणाली, "चला आता." आणि साठीची ती बाई अशी झपझप चालली की त्यांना तिच्यामागे धावावं लागलं. पलीकडे पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेसहा मिनिटं. बकुळने पदराने कपाळ पुसलं आणि काहीच न घडल्यासारखी अंगणवाडीकडे वळली. बावीस वर्षांच्या कामातली ही चार वर्षं ती रोज दोनदा हे करत होती आणि घरी येऊन त्यांना ताक देत होती.

त्यांनी स्टूल टेकवलं, वही उघडली आणि पहिली रेघ ओढली. जरा थांबून शेजारी दुसरी, स्वतःची.

तीन दिवसांची सरासरी निघाली अकराशे बासष्ट. त्यात तीनशेवर मुलं. गुरुवारी प्रधानांच्या सहीसह वही अशोकजींसमोर गेली. त्यांनी बराच वेळ पानं चाळली. मग ड्रॉइंगवर फाट्याच्या जागी पेन्सिलने एक लहान चौकोन काढला. "वादा नहीं कर सकता, बाबूजी," ते म्हणाले. "लेकिन अब दिख रहा है."

शशिकांतराव स्कूटरवरून परतले तेव्हा दीड वाजला होता. हायवेच्या पलीकडे बकुळ पिशवी घेऊन उभी होती, दोन पोरं तिच्या हाताला. तिने त्यांना पाहिलं. त्यांनी सवयीने हात वर केला. ती थांबून राहिली, गाड्या जाऊ दिल्या आणि पोरांना घेऊन झपझप अलीकडे आली. शशिकांतरावांनी तोवर स्कूटर स्टँडवर लावली होती आणि खिशातून पेन काढलं होतं. मोजणी कालच संपली होती. हातात कागद म्हणून फक्त पेट्रोलची पावती होती. पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तीन रेघा ओढल्या.