ओट्याचं तोंड

ही गोष्ट घडली तेव्हा मी आईच्या पोटात होते, म्हणजे हजर होते असं म्हणायला हरकत नाही. बाकीचं मला गजराकाकूनं सांगितलं. काकू खोटं बोलत नसे, थोडं तिखटमीठ लावायची इतकंच.

सन अडतीसचा उन्हाळा होता. तळोद्याहून तापीकडे निघालं की दोन कोसांवर आमचं गाव. गावात विहिरी पुष्कळ, पण गोड्या पाण्याची एकच, आणि ती नेमकी गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं जायला दोन वाटा होत्या. एक चावडीवरून, रुंद आणि सरळ. त्या वाटेनं गाड्या जायच्या, बैल जायचे, बकऱ्या जायच्या, परगावची कुत्रीसुद्धा जायची. दुसरी वाट म्हणजे बोळ. घरांच्या पाठीमागून जाणारा, दोन्ही बाजूंना उकिरडे, वर बाभळीची कुंपणं, आणि अख्ख्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी त्यातच. भर वैशाखातही तो बोळ वाळत नसे. तो बायकांचा.

असा काही कुणी ठराव केला नव्हता. चावडीच्या ओट्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि त्या ओट्यावर सकाळपासून गावातले वडीलधारे बसलेले असत. प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा सासरा. सासऱ्यांपुढून सुनेनं जायचं तर पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायच्या आणि पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, ही रीत. आता डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेतलेल्या बाईनं वहाणा कुठल्या हातानं काढायच्या? म्हणून बाया बोळानं जायच्या. पुरुष म्हणायचे, आमच्या गावच्या सुना मोठ्या मर्यादशील. बाया काहीच म्हणायच्या नाहीत.

आणि गंमत ऐका. बोळ बायकांचा, म्हणून पुरुष तिकडे कधी फिरकत नसत. आणि बायकांनी बोळाची गोष्ट पुरुषांपुढं काढायची नसे. त्यामुळं अर्धं गाव कशातून चालतं हे उरलेल्या अर्ध्या गावाला ठाऊकच नव्हतं. मला अजून याचा राग येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात काकू त्याच बोळात भरल्या हंड्यांसकट पडली होती. पाचवा महिना होता तिला. मूल गेलं. घरातल्या पुरुषांना सांगण्यात आलं, विहिरीवर पाय घसरला. त्यावर कुणी काही विचारलं नाही आणि काकूनंही पुन्हा तो विषय काढला नाही.

आता तिची धाकटी जाऊ निर्मलाबाई, म्हणजे माझी आई, पोटुशी होती. ऐन पावसाळ्यात तिचे दिवस भरत येणार होते. घर हिंमतराव पाटलांचं, खायला तोंडं भरपूर, गोठ्यात गुरं वेगळी; काकू एकटीनं पाणी भरून पुरं पडणारं नव्हतं. काकूनं मनाशी एकच धरून ठेवलं होतं, आणि सासूला ती ते उठता-बसता ऐकवायची, "पावसायामा हिले त्या बोळमातून मी जाऊ देवाव नही."

सासू म्हणजे माझी आजी, धनुबाई. आजी नुसती मान हलवायची.

त्याच सुमारास लोकल बोर्डाकडून गावाला एका रस्त्यापुरता मुरूम मंजूर झाला. हिंमतराव, म्हणजे आमचे आबा, गावचे पाटील. त्यांनी ठरवलं की चावडीच्या रस्त्यावर मुरूम पडेल, आणि चावडीचा ओटा जुना झालाय, तोही पाडून घडीव दगडात नवा बांधायचा. काकूनं आजीच्या कानात सांगितलं, आणि आजीनं जेवणाच्या पंगतीत वाढता वाढता विषय काढला.

"मी काय म्हनस, थोडा मुरूम बोळमा टाका ना."

आबांचा घास हातातच राहिला. "उकिरडाले मुरूम? मंग ढोरसले गाद्या बी टाका!"

पंगत हसली. माझा बाप पण हसला. पुढे मोठी झाल्यावर मी त्याला हे पुष्कळदा ऐकवलं, आणि दर वेळी तो उठून गोठ्यात गेला. काकू तेव्हा दाराआड उभी होती. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, तेव्हा तिच्यापाशी सांगायला जे होतं ते दाराआडच राहिलं.

बाजाराच्या दिवशी दिवलीबाई आली. ही सातपुड्यातली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चावडीवरून सरळ चालत यायची, ओट्यावरच्या कुणाकडे ढुंकूनही न बघता. घरी ती तिची भिली बोलायची, आमच्या बायकांशी बाजारात शिकलेली अहिराणी. ती विहिरीवर पाणी प्यायला थांबली होती आणि तेवढ्यात माझी आई बोळातून बाहेर आली, घोट्यापर्यंत चिखलानं भरलेली.

"तुमनं घर मोठं, आन वाट कितली धाकली वं!" दिवलीबाई म्हणाली. "त्या चावडीवरना मानसं काय चावतस का?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मग कुणीतरी तिला समजावून सांगितलं, सासरे बसलेले असतात, वहाणा काढाव्या लागतात, हात मोकळे नसतात.

"मंग हांडा खाले ठेवा, वहाना काढा. कोन ना म्हनस?" एवढं बोलून तिनं मोळी उचलली आणि ती आपल्या वाटेनं गेली.

काकू विहिरीच्या काठावर बसून राहिली. कुणीतरी तिचा हंडा भरून दिला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं सगळ्या जणींना जवळ बोलावलं. रीत मोडायची म्हटलं असतं तर एकही बाई उभी राहिली नसती, हे काकूला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं उलटंच सांगितलं. "आपन रीत मोडानी नही. आपन ती पुरी करानी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीच्या ओट्यावर आबा, लोटनआप्पा आणि बाकीचे वडीलधारे जमले होते. नवा ओटा कसा असावा याची चर्चा रंगात आली होती. इतक्यात विहिरीकडून बायकांची रांग आली, बोळाऐवजी थेट चावडीच्या रस्त्यानं. सगळ्यांत पुढे काकू.

ओट्यासमोर येताच काकूनं हंडे उतरवले, ते बरोबर ओट्याच्या पायरीशी. वहाणा काढल्या. पदर ओढला. मग हंडे परत डोक्यावर घ्यायचे तर दुसऱ्या बाईनं हात लावायला हवा. पण दुसरी आपले हंडे उतरवत होती. ती तिसरीसाठी थांबली, तिसरी चौथीसाठी. बघता बघता ओट्याभोवती पितळेच्या हंड्यांचं कुंपण झालं. शेवटच्या बाईपर्यंत रीत यथासांग पाळायची होती, आणि शेवटची बाई अजून विहिरीवरच होती.

ओट्यावरच्या मंडळींची मोठी पंचाईत झाली. समोर सुना, म्हणून मान वर करता येईना. पायरीशी भरले हंडे, आणि भरला हंडा ओलांडणं अशुभ, म्हणून खाली उतरता येईना. बायांना काही बोलावं तर त्यांनी चूक काय केली होती? सगळे माना खाली घालून आपापल्या पायांचे अंगठे बघत बसले. लोटनआप्पांना आडोशाला जायची घाई झाली होती. ते दोनदा खाकरले, तिसऱ्यांदा कळवळून खाकरले. ऊन चढत होतं. काकू दगडासारखी उभी होती, पण पदराच्या आत तिचे ओठ थरथरत होते. ती घाबरली होती की हसू दाबत होती, हे तिनं मला कधीच नीट सांगितलं नाही.

शेवटी आबांना चावडीचं मागचं दार आठवलं. ते दार बोळात उघडायचं आणि कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. मंडळी खांदे लावून ते उघडून एकामागून एक बोळात उतरली. पुढं आबा. नुकतंच नेसलेलं पांढरंशुभ्र धोतर, पायात करकरता जोडा. चिंचेच्या झाडापाशी त्यांचा पाय सरकला आणि गावचा पाटील उकिरड्याच्या चिखलात बसला.

घरी आले तेव्हा त्यांच्या अंगाला येणारा वास त्यांच्या आधी अंगणात पोचला होता. आजीनं मोरीवर पाट टाकला आणि त्यांच्या अंगावर पाणी ओतायला लागली.

"कोठे पडनात?"

"त्या बोळमा. चिचनं झाड शे ना, तठे. मानूस जाई कसा तठून? डोकावर हांडा ऱ्हायना तं मरीच जाई!"

आजीचा तांब्या थांबला. "गजरा बी तठेच पडनी व्हती," ती म्हणाली.

"ती तं विहीरवर..."

"विहीरवर नही. तठेच. चिचना खाले."

आजी पुन्हा पाणी ओतू लागली. किती तांबे ओतले तिचं तिलाही कळलं नसावं. धोतराचा चिखल कधीच वाहून गेला होता. दाराआडून काकू हे ऐकत होती. सासऱ्यांनी आरडाओरडा केला तर आजीच्या तोंडून काय काय ऐकवायचं, ते सगळं तिनं तयार ठेवलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. मूल गेलं त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा रडली, आणि माझ्या आईनं तिला धरून ठेवलं. त्या दोघींच्या मध्ये मीही होते.

दुसऱ्या दिवशी उखा गवंडी दोरी घेऊन चावडीवर आला. जुना ओटा पाडायला माणसं लागली होती. उखानं रस्त्याच्या कडेला खुंटी ठोकली आणि सवयीनं विचारलं, "पाटील, ओटानं तोंड आठेच ना, रस्ताकडे?"

"नही," आबा म्हणाले. "बाजूले. तापीकडे."

लोटनआप्पा उसळलेच. "तापीकडे? मंग गावमा कोन उना, कोन गया, आम्हले कसं समजी?"

"कान शेतस ना, आप्पा?" आबा म्हणाले. "आयकी ल्या."

आप्पा पुढं आठवडाभर रुसून चावडीवर आले नाहीत. मग आले, घरी तरी किती दिवस बसणार? आणि तापीकडून संध्याकाळी वारा येतो हे त्यांनीच सगळ्यांना पहिल्यांदा सांगितलं, जणू तो वारा त्यांनीच आणला होता. बोळाकडचं मागचं दार मात्र आबांनी दगड लावून बंद करून टाकलं आणि मोऱ्यांच्या पाण्यासाठी गावाबाहेर चर खणायला घेतला.

काकूची आता भीड चेपली होती. आबा अंगणात हात धूत असताना ती दारातून आजीला म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आत्याबाई, जुना ओटाना दगड वाया जावाले नको. चावडीपुढना निमना खाले छातीइतला कट्टा करा म्हना. भरेल हांडा टेकता यी, आन एकटी बाईले उचलता बी यी."

आबा अंगणातून दिसणाऱ्या त्या निंबाकडे बघत आजीला म्हणाले, "उखाले सांग म्हना तिले. मोजमाप तीच दी."

एकाच घरात, पाच हातांवर उभं राहून चाललेलं हे बोलणं. पण काकू म्हणायची, त्या दिवशी सासरे माझ्याशी बोलले. तिनं उखाकडून कट्टा दोन उंचींचा करून घेतला. एक उंच बायांसाठी, एक ठेंगण्या आणि म्हाताऱ्या बायांसाठी, कारण सगळ्या बाया काही एका मापाच्या नसतात.

मृगाच्या आधी रस्ता झाला. मुरूम चोपून पक्का, मधून उंच आणि दोन्ही कडांना उतरता, पाणी साचू नये म्हणून. निंबाखालचा कट्टा तयार झाल्यावर त्यावर पहिलं ओझं टेकलं ते दिवलीबाईच्या मोळीचं. ती बाजारासाठी येत होती, तिनं कट्टा पाहिला, मोळी टेकवली, कपाळाचा घाम पुसला आणि कुणाला काही न विचारता सावलीत बसली.

पहिल्या सकाळी सगळ्या बाया मिळूनच निघाल्या. पायात वहाणा, डोक्यावर हंडे. आई मधोमध, तिच्या एका बाजूला काकू. चावडीच्या भिंतीपलीकडे पुरुषांचं बोलणं चाललं होतं. वहाणांचा आवाज जवळ आला तसं ते एकदम थांबलं. बायांचीही पावलं जरा अडखळली. मग पलीकडे कुणीतरी पीकपाण्याचं काढलं, बोलणं परत सुरू झालं, आणि बाया पुढं गेल्या.

आजी सगळ्यांत मागं होती. कमरेवर एक लहान कळशी. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून पाण्यासाठी या रस्त्यानं ती एकदाही गेली नव्हती. चावडीसमोर येताच तिचे पाय आपोआप थांबले, वहाणांचा आवाजही थांबला. ती वाकली, वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि नव्या मुरुमावरून अनवाणी, दबकत चालू लागली. भिंतीपलीकडून तिला कुणी बघत नव्हतं. बघणं शक्यच नव्हतं.

पलीकडे आबा खाकरले. मग सगळ्या मंडळींच्या देखत, तापीकडे तोंड करूनच, मोठ्यानं म्हणाले,

"वहाना घाल वं. मुरूम नवा शे, टोचस."

आजी जागच्या जागी उभी राहिली. काकू म्हणायची, म्हातारी नव्या नवरीसारखी लाजली. मग आजीनं कळशी निंबाखालच्या कट्ट्यावर टेकवली, ठेंगण्या बाजूला, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही वहाणा पायात घातल्या.