रिकाम्या जागेचा प्रश्न

मी एक जुनी काचेची हंडी आहे. अल्लीपूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत राहते. माझ्या पोटातली हवा हातपंपाने ओढून काढली, की आतली विजेची घंटा हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. मुलं टाळ्या पिटायची आणि मला भारी वाटायचं.

मित्रांनो, एकदा नववीतल्या गुंजनने टाळी वाजवली नाही. माझ्या काचेला नाक टेकवून तिने विचारलं, "सर, आता आत काहीच नाई का?"

प्रेमदास सर म्हणाले, "हवा जवळपास नाईच. पण रिकाम्या जागेतही ऊर्जा असते म्हणतात. किती, ते शास्त्रज्ञांनी गणितानं काढलं. आकाशगंगा किती वेगानं दूर जाऊन राह्यल्या, त्यावरूनही काढलं. दोन्ही उत्तरं जुळत नाई." मग त्यांनी फळ्यावर एक लिहून पुढे एकशेवीस शून्यं काढली. "इतक्या पटीचा फरक!"

"मंग चुकलं कोण?"

"मले माहीत नाई. अजून कोणालेच नाई."

गुंजन त्या शून्यांकडे बघतच राहिली.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली. सर निवृत्त झाले. शाळेत मोठा पडदा आला, प्रयोग त्यावरच दिसू लागले. बाहेरची हवा अडवणारं माझ्या बुडाचं रबरी कडं चिरलं आणि मी अडगळीत गेले.

यंदा भंगारात द्यायचं सामान निवडायला शाळेने सरांना बोलावलं. सुटीवर आलेली गुंजनही सोबत आली. आता ती क्वांटम गुरुत्वाकर्षणावर संशोधन करते.

"चेहरा काऊन उतरला तुहा?" सरांनी विचारलं.

"सर, पाच वर्षं खपून एक प्रारूप मांडलं. त्यात तो एकशेवीस शून्यांचा फरक मिटत होता. सगळ्यांनी वाहवा केली. मंग एका जागी अधिकचं उणे झालेलं दिसलं, अन् सगळं कोसळलं. मी लेख मागं घेतला."

"चूक पकडली कोणी?"

"मीच."

"मंग रडते काऊन? झाकता आली असती, तू झाकली नाई. मले तं अभिमान वाटून राह्यला."

गुंजनने डोळे पुसले, मग माझ्यावरची धूळ पुसली. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटहून नवं कडं आणून तिने मला वर्गात मांडलं. हवा निघाली, घंटा गप्प झाली. रिकाम्या जागेची गोष्ट ऐकून काजल नावाच्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्हाले उत्तर सापडलंच नाई तं?"

"मंग तू शोधजो," गुंजन म्हणाली आणि पंपाचा दांडा तिच्या हाती दिला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कुलपात ठेवू नका. हाताळा, दुरुस्त करा, आमच्याजवळ बसून प्रश्न विचारा. थोरामोठ्यांना न सुटलेलं पुष्कळ काही अजून तुमची वाट पाहत आहे.