कापलेला दस्ता

कपच्या उडू नयेत म्हणून ओपलने बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चिकटपट्टीचा वेढा घातला, तिच्यावर शिलाईच्या खडूने रेघ मारली आणि करवत उचलली. बंदुकीची नळी पलंगावर बाजूला पडली होती. दस्ता तेवढा शिलाईच्या टेबलाला क्लॅम्पने आवळला होता. चार-सहा फेऱ्यांतच अक्रोडाच्या लाकडाचा भुसा मशीनच्या पायट्यावर सांडू लागला.

किराण्याच्या पिशव्या घेऊन आलेला डॅरेल दारातच थबकला.

"आई! बंदूक कापतेयस? या वयात तुरुंगात जायचंय का?"

"नळी कापली तर तुरुंग. मी दस्ता आखूड करतेय. आधी दार लाव. कडी घाल."

"बाबांची बंदूक आहे ती!"

"तुझ्या बाबांच्या विजारीसुद्धा मी आखूड करून घातल्यात बागेत. कडी घातलीस का?"

मार्चमध्ये ती चर्चला गेली असताना कोणीतरी स्वयंपाकघराचं दार फोडलं आणि टीव्ही, व्हर्ननच्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या, सगळं उचलून नेलं. व्हर्नन जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नवरा गेल्यावरही ती त्या घरात एकटी निवांत झोपायची, पण चोरीनंतर झोप उडाली. केंटकीच्या त्या खोऱ्यात जुलैत चूल पेटवायची तर दार सताड उघडं हवं. ओपल मात्र दोन कड्या घालून, घामाने निथळत घेवड्याच्या शेंगा शिजवत होती.

डॅरेलचं म्हणणं, लेक्सिंग्टनला आमच्याकडे चल. ती नाही म्हणाली, तेव्हा त्याने बापाची पंपाची बंदूक सजवायला घेतली. नळीखाली टॉर्च, वर लाल ठिपका पाडणारं यंत्र, कुशीला काडतुसांची पट्टी, शिवाय खांद्याला पट्टा. बंदूक कसली, वरातीचा घोडाच तो! मग कोठारामागे नेऊन त्याने तिला ती चालवायला लावली. पहिला बार निघाला. दुसरं काडतूस चढवायला नळीखालची लाकडी मूठ तिने मागे ओढली, पुन्हा पुढे ढकलली, चाप दाबला, आणि नुसतं टक् झालं. प्रत्येक वेळी तेच.

"हात थकले गं तुझे, आई," डॅरेल म्हणाला. तो प्रेमाने बोलला, म्हणून तर तिला जास्त झोंबलं.

पुढे दोन दिवस ती ते वाक्य चघळत राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीच्या लग्नाच्या झग्याची बाही वर घेताना तिने टाचण्या तोंडातून काढल्या आणि उठून बंदूक खांद्याला लावली. बाही लांब झाली म्हणून कोणी हाताला नावं ठेवतं का? सहा फुटी व्हर्ननच्या मापाचा दस्ता. तिचा हात मुठीवर जेमतेम टेकत होता. मूठ पूर्ण मागे येतच नव्हती, मग पुढचं काडतूस चढणार कुठून?

"शनिवारी आगीच्या बंबाच्या ठाण्यावर पाच लोखंडी थाळ्यांची नेमबाजी आहे," करवत थांबवून ती म्हणाली. "पाचही पाडल्या, तर लेक्सिंग्टनचं नाव काढायचं नाही. एक जरी उभी राहिली, तर बॅग मीच भरते."

"शब्द?"

"शब्द."

कापलेला तुकडा खाली पडला. तिने तो उचलून ॲप्रनच्या खिशात टाकला आणि दस्त्याच्या टोकाला रबराची गादी बसवायला घेतली.

शनिवारी ठाण्याचा म्हातारा प्रमुख होबर्ट तिची बंदूक बघून हसला.

"काय गं ओपल, परवा डॅरेल सांगत होता ते दिवे-बिवे कुठे गेले?"

"टॉर्च ठेवलाय. अंधारात समोर कोण आहे ते आधी दिसायला नको? बाकीचं त्याच्या गाडीला लाव."

लोक हसले. डॅरेल हसला नाही. तो टोपी मुठीत चुरगाळत उभा होता.

ओपलने दस्ता खांद्यात घेतला. या वेळी तो आपोआप बसला, मापाने शिवलेल्या कोटासारखा. बार झाला. खटक्-खटक्. पहिली थाळी आडवी. दुसरी. तिसरी. चौथी पाडल्यावर तिने मूठ मागे ओढली. ती पार शेवटपर्यंत मागे आली. कोरं काडतूस चढल्याचं तिला हातातच कळलं आणि तिथेच, चाप दाबायच्या आधीच, ती मनातून जिंकली.

पाचवी थाळी खणकन पडली. पहिली आरोळी डॅरेलचीच होती. बक्षिसाचा हॅम, डुकराची खारवलेली अख्खी तंगडी, त्याने डोक्यावर धरून गाडीपर्यंत नेला, वाटेत भेटेल त्याला "माझी आई!" सांगत.

संध्याकाळी जेवण झालं. निघायच्या आधी डॅरेल सवयीने कडी घालायला स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला. दार ढकललं, पण ते लागेना. त्याने वाकून पाहिलं. दाराखालच्या फटीत अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना, गुळगुळीत तुकडा घट्ट बसवलेला होता. एका कडेला उरलेल्या चिकटपट्टीवर खडूची रेघ अजून दिसत होती.

"आई, हे..."

"राहू दे," भांडी विसळत ओपल म्हणाली. "वारा चांगला येतोय."